त्वचारोग-संशोधन : कोणाच्या कातडीसाठी, कोणाच्या कातडीवर?

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने त्वचारोग हा जागतिक सार्वजनिक आरोग्याच्या अग्रक्रमाचा विषय असल्याचा ठराव संमत केला. ठराव स्वागतार्ह आहे. परंतु तो होण्यास इतका काळ का लागला, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. जगात कोणत्याही वेळी सुमारे २० कोटी माणसे खरजेने पीडित असतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. असे असूनही संघटनेच्या उपेक्षित रोगांच्या यादीत खरजेला स्थान मिळाले ते २०१७ साली. खरूज, नायटा, इसब, कोड, कुष्ठरोग यांच्याशी श्रमिक वस्त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे. पण ‘कातडीचा रोग आहे, त्याने कोणी मरत नाही’ एवढ्या वाक्यात त्यांची बोळवण होत आली. याच काळात टक्कल, सुरकुत्या, नकोसे केस आणि सावळा रंग यांवरील उपायांसाठी बड्या औषध व प्रसाधन कंपन्यांच्या प्रयोगशाळा अहोरात्र राबत होत्या.

विज्ञानाला वर्ग नसतो, असे म्हटले जाते. बुरशी, जंतू, रंगपेशी आणि केसांची मुळे यांचे नियम गरीब-श्रीमंतांना सारखेच लागू असतात, या अर्थाने ते खरेही आहे. परंतु कोणत्या रोगावर संशोधन व्हावे, ते कोणाच्या शरीरावर व्हावे आणि त्याचे फळ कोणाच्या हाती पडावे, हे प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाहीत. ते मालकीचे आणि सत्तेचे प्रश्न आहेत. त्वचा आणि केस यांच्या विकारांवरील संशोधनाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास ही गोष्ट लख्खपणे दाखवून देतो.

एका औषधाची दोन आयुष्ये

आफ्रिकेतील निद्रारोग त्सेत्से माशीच्या चाव्यातून होतो. रोगाचे परजीवी मेंदूपर्यंत पोहोचले की रोग्याची झोप व जाग उलटीपालटी होते, त्याला भ्रम होतो, तो ग्लानीत जातो आणि उपचार न मिळाल्यास मरतो. या अवस्थेवर १९४९ पासून मेलार्सोप्रोल नावाचे सोमलयुक्त औषध वापरले जाई. ते इतके जहाल होते की उपचार घेणाऱ्या दर शंभरांपैकी सुमारे पाच जण औषधानेच दगावत. मुळात कर्करोगासाठी शोधलेले एफ्लोर्निथिन हे औषध त्या कामी फारसे उपयोगी पडले नाही. परंतु निद्रारोगाच्या परजीवींवर ते प्रभावी असल्याचे १९८० च्या सुमारास दिसून आले. ग्लानीत गेलेले रोगी त्याने उठून बसत, म्हणून त्याला ‘पुनरुज्जीवनाचे औषध’ असे नावच पडले. १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

यानंतर त्याचे उत्पादन वाढावयास हवे होते. प्रत्यक्षात १९९० च्या दशकाच्या मध्यास ते बंद करण्यात आले. औषध निकामी ठरले नव्हते. त्याचे रोगी निर्धन होते. काँगो, अंगोला, सुदान, युगांडा येथील खेडुतांना त्याची गरज होती, पण बाजाराच्या भाषेत ज्याला ‘मागणी’ म्हणतात ती त्यांच्यापाशी नव्हती. मागणी म्हणजे खिशात पैसा असलेली गरज.

हेच औषध केसांच्या मुळांतील एका वितंचकाला अडवते आणि त्यामुळे केसांची वाढ मंदावते, ही गोष्ट पुढे उपयोगात आणली गेली. जुलै २००० मध्ये ब्रिस्टल-मायर्स स्क्विब आणि जिलेट या कंपन्यांनी विकसित केलेल्या, स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केस कमी करणाऱ्या एफ्लोर्निथिनच्या मलमाला अमेरिकेत मान्यता मिळाली. आफ्रिकेतील मरणाऱ्या माणसांसाठी जे द्रव्य बनवणे परवडत नव्हते, ते श्रीमंत देशांतील प्रसाधनासाठी बनवणे परवडू लागले. ही विसंगती चव्हाट्यावर आणून ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेने आणि जागतिक आरोग्य संघटनेने दबाव वाढवला, तेव्हा कोठे २००१ मध्ये आव्हेन्तिस कंपनीने निद्रारोगाची औषधे पुरवण्याचा पाच वर्षांचा करार केला.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. १९९८ मध्ये निद्रारोगाचे सुमारे ४० हजार रोगी नोंदले गेले होते. २०१८ मध्ये ती संख्या एक हजाराच्या खाली आली. गावोगावची तपासणी आणि औषधांचा खात्रीचा पुरवठा यांचे हे फळ आहे. पुढे फेक्सिनिडाझोल हे पोटात घेण्याच्या गोळीचे औषध एका ना-नफा संशोधन संस्थेच्या पुढाकाराने सिद्ध झाले. रोग जिंकता येण्याजोगा होता, ज्ञानही होते. मधे उभा होता तो नफ्याचा हिशेब.

याच्या उलट मिनॉक्सिडिलची कथा पाहावी. रक्तदाबावरील या औषधाने रोग्यांच्या अंगावर केस वाढतात, हा त्याचा दुष्परिणाम. अपजॉन कंपनीने त्याच दुष्परिणामाचा पाठपुरावा करून टकलावर लावण्याचे द्रावण तयार केले आणि १९८८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ग्राहकाच्या खिशात पैसा असला की दुष्परिणामाचेही औषध होते. तो नसला की औषधाचेही उत्पादन थांबते.

तुरुंगाच्या भिंतीआड

संशोधन कोणासाठी, या प्रश्नाला लागूनच ते कोणावर, हा प्रश्न येतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट क्लिगमन यांच्या नेतृत्वाखाली कैद्यांवर प्रयोग चालले. कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पाठीवर चौकोन आखून त्यांत औषधे, प्रसाधने आणि रसायने लावली जात, कातडीचे तुकडे काढले जात, आणि त्याबद्दल हातावर काही डॉलर टेकवले जात. तुरुंगात प्रथम पाऊल टाकले तेव्हा डोळ्यांपुढे दिसली ती एकरच्या एकर पसरलेली त्वचा, असे क्लिगमन यांनीच पुढे एका वार्ताहरापाशी सांगितले होते. जमीनदाराने जमिनीकडे पाहावे तसे हे पाहणे होते.

या प्रयोगांना पैसा पुरवणाऱ्यांत औषध व प्रसाधन कंपन्या होत्या, तसेच अमेरिकेचे लष्करही होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास डाऊ केमिकल कंपनीच्या पैशाने कैद्यांच्या कातडीवर डायॉक्सिन हे जहाल विष लावण्यात आले. व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर अमेरिकेने जे ‘एजंट ऑरेंज’ फवारले, त्यात हेच विष मिसळलेले होते. एकाच रसायनाने साम्राज्यवादाच्या दोन बळींना एकत्र आणले : फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय कैदी आणि व्हिएतनामी शेतकरी.

मुरुमांवरील आणि पुढे सुरकुत्यांवरील प्रसिद्ध औषध ट्रेटिनॉइन याचे प्रयोगही याच तुरुंगात झाले. १९७१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्यावर मोठी कमाई झाली. ज्यांच्या पाठी त्यासाठी भाजल्या गेल्या त्या माजी कैद्यांनी २००० साली भरपाईचा दावा लावला, तेव्हा तो मुदतबाह्य म्हणून फेटाळण्यात आला. विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्याशाखेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये माफी मागितली. माफी मागावयास अर्धे शतक लागले; नफा मात्र वेळच्या वेळी वसूल झाला होता.

गोरेपणाचे मलम आणि नायट्याची साथ

होम्सबर्ग दूर आहे आणि तो इतिहास झाला, असे कोणी म्हणेल. पण या इतिहासाचा एक धागा थेट भारतातील मजुराच्या झोपडीपर्यंत येतो. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी त्वचेचा रंग फिका करणारे एक मिश्रण प्रसिद्ध केले. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड होते. चेहऱ्यावरील वांगावर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक काळापुरते वापरल्यास असे मिश्रण उपयोगी पडते. योगायोग असा की, त्याच १९७५ साली भारतात हिंदुस्तान लीव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले. त्या मलमाचे घटक वेगळे होते. पण सावळा रंग हे वैगुण्य आहे, त्यामुळे लग्न अडते व नोकरी हुकते, हे जातिव्यवस्थेने व वसाहतवादाने रुजवलेले विष जाहिरातींनी घराघरांत पोहोचवले. २०२० मध्ये कंपनीने नावातील ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातले. नाव बदलले, तरी मागणी एव्हाना उभी राहिलेली होती.

या मागणीवर स्टेरॉइडयुक्त मलमांचा धंदा पोसला गेला. क्लिगमन यांच्या मिश्रणाचे नवे अवतार औषधाच्या दुकानांतून गोरेपणाचे मलम म्हणून कोणत्याही चिठ्ठीविना विकले गेले. पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, पुरळ उठते, चेहऱ्यावर केस उगवतात, आणि मलम थांबवताच आग होऊ लागते म्हणून ते थांबवताही येत नाही. ज्या तरुण स्त्रिया या चक्रात सापडल्या, त्यांना समाजाने प्रथम रंगाबद्दल आणि मग औषधाबद्दल अशी दुहेरी शिक्षा केली.

नायट्याच्या बाबतीत तर याहून मोठा अनर्थ झाला. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असलेली मलमे दशकानुदशके स्वस्तात विकली गेली. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत शमते. रोग बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार दबल्यामुळे बुरशी आतल्या आत पसरते, आणि मलम बंद करताच दुपटीने उफाळते. सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून कामगार कोपऱ्यावरच्या दुकानातून नळी विकत घेतो. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण, दोरीवर एकच पंचा, धुण्याला पाणी नाही, अंगावर दिवसभर घामाने भिजलेले कृत्रिम धाग्याचे कपडे, अशा स्थितीत एकाचा नायटा घरभर होण्यास कितीसा वेळ लागणार? गेल्या दशकभरात देशातील त्वचारोगतज्ज्ञ हट्टी, वारंवार उलटणाऱ्या नायट्याच्या साथीबद्दल बोलत आले आहेत. तिच्या मुळाशी असलेल्या बुरशीला २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असे नाव मिळाले. टर्बिनाफिन हे नायट्याचे हुकमी औषध ज्या वितंचकावर काम करते, त्याच्याच जनुकात बदल झाल्याने या बुरशीचे अनेक प्रकार त्या औषधाला दाद देत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेतही तिचे रोगी नोंदले गेले.

सरकारने काय केले? मार्च २०१६ मध्ये ३४४ अशास्त्रीय औषध-मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, फेरतपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली; त्यांत स्टेरॉइड व बुरशीनाशकांची अनेक मलमे होती. त्याच वर्षी अनेक स्टेरॉइड मलमांना असलेली चिठ्ठीविना विक्रीची सवलतही काढून घेतली गेली. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने केलेल्या प्रयत्नांची नोंद घेतली पाहिजे. परंतु ज्या मिश्रणांना शास्त्राचा आधार नव्हता त्यांना विक्रीचे परवाने मुळात मिळाले कसे, आणि ज्या वर्षांत बुरशी औषधाला सरावत होती त्या वर्षांतील नफा कोणाच्या खिशात गेला, याचा जाब कोणीही विचारलेला नाही.

पिंपरीचा धडा

नव्या, चिवट बुरशीवर नवे औषध हवे. ते कोण शोधणार? येथे महाराष्ट्रातील एका सार्वजनिक कारखान्याचे स्मरण करणे भाग आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स या कंपनीची स्थापना झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा सार्वजनिक क्षेत्रातील पहिला औषध कारखाना. आयात पेनिसिलिनवरचे परावलंबन त्याने कमी केले. पण तो केवळ कारखाना नव्हता. त्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी पिंपरीच्या मातीतील एका सूक्ष्मजीवापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक शोधून काढले. त्या सूक्ष्मजीवाला नावही पिंपरीवरूनच मिळाले : ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिकांवरील बुरशीसाठी ‘ऑरिओफंजिन’ हे औषधही याच प्रयोगशाळेचे.

हॅमायसिन हे आजच्या नायट्यावरचे औषध नव्हे. त्याचा उपयोग बुरशीच्या अन्य विकारांवर होता. मुद्दा वेगळा आहे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, दरिद्री देशाने सार्वजनिक पैशातून, आपल्याच मातीतून, नवे प्रतिजैविक शोधता येते हे सिद्ध केले होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट नाकारून या स्वावलंबनाला कायद्याचे कवच दिले. पुढे उदारीकरणाच्या धोरणाने सार्वजनिक औषध कारखान्यांची आबाळ केली. हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स आजारी उद्योग ठरला, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकून त्यानंतर कंपनीचीच निर्गुंतवणूक करण्याचा निर्णय घेतला. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही दुसरी सार्वजनिक कंपनी बंद करण्याचे त्याच बैठकीत ठरले. ज्या काळात देशाच्या कातडीवर औषधांना दाद न देणारी बुरशी पसरत होती, त्याच काळात बुरशीवरील औषध शोधलेल्या कारखान्याच्या जमिनीचा सौदा मांडला जात होता.

ज्यांवर मलम हे उत्तर नव्हे

त्वचारोगांचा एक मोठा भाग असा आहे की त्याचे मूळ त्वचेत नसते. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रोग्यांच्या छातीवरील पावसाच्या थेंबांसारखे डाग आणि तळहात-तळपायांवरील खरखरीत गाठी पाहून त्यांचे कारण ओळखले. ते कारण नलिका-विहिरींच्या पाण्यातील सोमल हे होते. पुढे बिहार, उत्तर प्रदेश, आसाम आणि बांगलादेश या सर्व पट्ट्यात तो प्रकार उघड झाला. या रोगावर पहिले औषध एकच : शुद्ध पाणी. ते कोणत्याही कंपनीच्या नळीत भरता येत नाही, ते सरकारलाच द्यावे लागते.

बांधकाम मजुरांच्या हातांना भेगा पाडणारे आणि कायमचे अपंगत्व आणणारे इसब पुष्कळदा सिमेंटमधील षट्‌संयुजी क्रोमियममुळे होते. सिमेंटमध्ये अल्प प्रमाणात फेरस सल्फेट मिसळले की हा धोका पुष्कळच कमी होतो. डेन्मार्कने हा उपाय १९८० च्या दशकाच्या आरंभी अमलात आणला आणि युरोपीय संघाने जानेवारी २००५ पासून अशा क्रोमियमवर दशलक्षांत दोन भागांची मर्यादा घातली. महाराष्ट्रातील शेतमजुरांना गाजर गवताचा त्रास ठाऊक आहे. हे गवत १९५० च्या दशकाच्या मध्यास पुणे परिसरात प्रथम नोंदले गेले आणि आयात अमेरिकन धान्याबरोबर आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच्या स्पर्शाने व हवेतील कणांनी चेहरा, मान आणि हात यांची कातडी सुजते, जाड होते व चिरते. अशा रोगांचे संशोधन करावयाचे तर तज्ज्ञाला कारखान्यात, बांधकामावर आणि शेतावर जावे लागते, आणि त्याचे निष्कर्ष मालकाच्या विरुद्ध जातात. त्यावर पैसा का लावला जात नाही, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

कुष्ठरोग : जिंकलेली लढाई अर्ध्यावर

कुष्ठरोगाच्या बाबतीत विज्ञानाने आपले काम बऱ्याच अंशी केले. डॅप्सोन एकटे वापरल्याने जंतू त्याला सरावू लागले, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने डॅप्सोन, रिफँपिसिन आणि क्लोफॅझिमिन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. यांपैकी क्लोफॅझिमिनचा शोध डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी यांच्या संशोधकगटाने क्षयावरील औषध शोधताना लावला होता. सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला. चीनमध्ये तर सरकारनेच त्वचारोग व गुप्तरोगांसाठी १९५४ मध्ये केंद्रीय संस्था उभारून गावोगाव प्रशिक्षित आरोग्यसेवक पाठवले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या येनानला गेले, तेथेच काम करणारे डॉ. मा हायदे या मोहिमेचे प्रमुख मार्गदर्शक होते. कुष्ठरोग व गुप्तरोग यांच्या नियंत्रणाबद्दल त्यांना १९८६ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजारांत एकाहून कमी रोगी हे उद्दिष्ट राष्ट्रीय पातळीवर गाठल्याचे जाहीर केले. यानंतर घरोघरच्या तपासणीचा जोर ओसरला. रोग मात्र ओसरला नाही. जगात दरवर्षी नव्याने नोंदल्या जाणाऱ्या कुष्ठरोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले असतात. ही संख्या एक लाखाच्या घरात आहे. त्यांत लहान मुले आहेत, याचा अर्थ संसर्ग चालूच आहे. ब्रिटिशांनी १८९८ मध्ये केलेला, रोग्यांना डांबून ठेवणारा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात होते. आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जगाला औषधे पुरवणारा देश म्हणून ज्याचा डांगोरा पिटला जातो, तो भारत कुष्ठरोगाच्या औषधांसाठी २००० सालापासून नोव्हार्टिस या बहुराष्ट्रीय कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत दिलेल्या देणगीवर विसंबून राहिला. ज्या देशात रोगी सर्वांत जास्त, त्याने औषधासाठी दात्याच्या मर्जीवर राहावे, हे स्वावलंबन नव्हे.

एका आक्षेपाचे उत्तर

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. चेहऱ्यावरील केस, चाई, कोड यांचे दुःख खोटे आहे काय? मुळीच नाही. कोडाच्या एका डागापायी मुलींची लग्ने मोडतात, माणसे नोकरीतून दूर केली जातात. चाईने डोक्याचे, भुवयांचे केस गेलेला शाळकरी मुलगा कोणत्या यातना भोगतो, हे त्यालाच ठाऊक. अशा विकारांची ‘श्रीमंतांची चैन’ म्हणून टिंगल करणे श्रमिकांच्या चळवळीला शोभणारे नाही. कोड आणि चाई झोपडीतही होतात. प्रश्न या रोगांवर संशोधन का होते हा नाही, त्याचे फळ कोणाला मिळते हा आहे.

जून २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब हे चाईच्या तीव्र विकारावरील पोटात घेण्याचे पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले. पाठोपाठ जुलैमध्ये कोडावरील रक्सोलिटिनिबच्या मलमाला मान्यता मिळाली. शरीराचीच संरक्षक यंत्रणा केसांच्या मुळांवर व रंगपेशींवर उलटते, ती कोणत्या संदेशमार्गाने उलटते आणि तो मार्ग कसा अडवावा, हे समजणे ही विज्ञानाची खरी झेप आहे. परंतु औषध थांबवले की केस बहुधा पुन्हा गळतात. म्हणजे उपचार दीर्घकाळ चालवावा लागतो. मग किंमत हाच रोग्याच्या वाट्याचा निर्णायक प्रश्न होतो. हेच बॅरिसिटिनिब २०२१ च्या कोरोना लाटेत हवे होते, तेव्हा हैदराबादच्या नॅट्को कंपनीने सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. त्यापाठोपाठ पेटंटधारक एलाय लिली कंपनी कोरोनापुरते विनास्वामित्वशुल्क परवाने देण्यास राजी झाली. कायद्याने दिलेले हत्यार नुसते उगारले, तरी मक्तेदारी किती झपाट्याने नमते घेते, याचा हा पुरावा आहे. २००५ मध्ये उत्पादन-पेटंट परत आणणारी दुरुस्ती झाली, तेव्हा डाव्या पक्षांच्या आग्रहाने कायद्यात जी संरक्षक कलमे राहिली, त्यांचे मोल अशा वेळी कळते.

कंपन्यांनीच औषधे शोधली, तेव्हा नफा त्यांचाच, हा युक्तिवादही तपासून पाहावा. कोडावर भारतीय वैद्यक बावचीचे बी शतकानुशतके वापरत आले. इजिप्तमध्ये तशाच गुणाच्या एका लोकपरिचित वनस्पतीचा अभ्यास करून डॉ. एल मोफ्ती यांनी १९४० च्या दशकात सोरॅलेन द्रव्यांचा आधुनिक उपचार सुरू केला, आणि त्यातूनच कोड व सोरायसिस यांवरील प्रकाशोपचार उभा राहिला. लोकांचे ज्ञान, विद्यापीठांचे संशोधन, सार्वजनिक पैसा आणि रोग्यांची शरीरे यांच्या पायावर उभ्या असलेल्या इमारतीवर शेवटी एकाच मालकाची पाटी लागते. ही पाटी निसर्गनियमाने आलेली नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

या विश्लेषणातून काही मागण्या सरळ निघतात. पिंपरीसह सार्वजनिक औषध कारखान्यांची विक्री थांबवून त्यांच्या प्रयोगशाळा बुरशी, खरूज व कुष्ठरोग यांवरील संशोधनासाठी पुन्हा उभ्या केल्या पाहिजेत. कुष्ठरोगाची औषधे देशातच, सार्वजनिक क्षेत्रात तयार झाली पाहिजेत आणि घरोघरची तपासणी पुन्हा नेटाने सुरू झाली पाहिजे. स्टेरॉइड मलमांवरील बंदी कागदावर न राहता दुकानापर्यंत पोहोचली पाहिजे. मात्र त्याबरोबरच प्राथमिक आरोग्य केंद्रात नायट्याचे योग्य औषध विनामूल्य मिळाले पाहिजे, नाही तर बंदीचा भार पुन्हा रोग्यावरच पडेल. नव्या महागड्या औषधांच्या बाबतीत सक्तीच्या परवान्याची तरतूद वापरली गेली पाहिजे.

परंतु केवळ मागणीपत्रे देऊन हे काम होणार नाही. बांधकाम मजुरांच्या संघटनांनी सिमेंटमधील क्रोमियमचा प्रश्न आणि हातमोजांचा प्रश्न वेतनाच्या प्रश्नाइतक्याच हिरिरीने मालकांपुढे मांडावा. शेतमजुरांच्या, महिलांच्या व युवकांच्या संघटनांनी वस्त्यांत आरोग्य-शिबिरे घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना तेथे न्यावे. चिठ्ठीविना विकत घेतलेली नळी काय करते, हे समजावून सांगावे. कुष्ठरोग आणि कोड यांविषयीच्या अंधश्रद्धांवर आणि गोरेपणाच्या वेडावर उघड बोलावे. ज्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरात सावळ्या मुलीसाठी गोरेपणाचे मलम आणले जाते, त्याच्या सभेतील भाषणाला वजन येत नाही.

ग्लानीतून उठलेला आफ्रिकेतील निद्रारोगी, पाठ भाजून घेतलेला फिलाडेल्फियाचा कैदी, हाताला भेगा पडलेला गवंडी आणि नायट्याने रात्रभर झोप न लागणारा गिरणी कामगार यांची भाषा, देश, वर्ण निरनिराळे आहेत. त्यांच्या कातडीचा हिशेब मात्र एकाच वहीत मांडला गेला आहे. ती वही ज्यांच्या हाती आहे त्यांच्याकडून काढून घेणे, हा आरोग्याच्या लढ्याचा गाभा आहे.